येते म्हटलं की

डॉक्टर भसीन खुबे बदलायचे, पण बोलायचे खाण्यापिण्याचं. ऑपरेशन सोपं असलं की ‘पीस ऑफ केक’. म्हातारा पेशंट चिवट निघाला की ‘टफ कुकी’. शिकायला काही वर्षं इंग्लंडात होते. तिथून हात शिकून आले आणि येताना ही जीभही घेऊन आले. त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, क्रांती उभी असायची. ताश्कंद, बिश्केक, कारागांडा अशा गावांहून माणसं आपापली दुखणी घेऊन गुडगावच्या या मोठ्या खाजगी हॉस्पिटलात यायची. त्यांना डॉक्टरांचं इंग्रजी कळायचं नाही, डॉक्टरांना त्यांचं रशियन. मधे क्रांती, दुभाषी.

केकचा तुकडा जसाच्या तसा रशियनमध्ये नेऊन ठेवला तर पेशंट बिचारा बशी शोधत बसेल. तिकडे सोप्या गोष्टीला वाफवलेल्या सलगमाहून सोपी म्हणतात. क्रांती तेच म्हणायची आणि खाटेवरचं माणूस हसायचं. पण तो इंग्रजी केक आणि ते रशियन सलगम यांच्या मधे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ‘डाव्या हातचा मळ’ हळूच येऊन जायचा. प्रत्येक वेळी. कानात शिरलेलं इंग्रजी आधी तिच्या आईच्या घरात जायचं, तिथं घोटभर पाणी प्यायचं आणि मगच रशियन होऊन बाहेर पडायचं. इतक्या वर्षांत ही मधली खोली तिनं कुणाला दाखवली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

अलीकडे ती खोलीच दमली होती. एका विहिरीचं पाणी शेंदून दुसरीत ओतावं, दुसरीचं पहिलीत, आणि सांज झाली की आपली घागर कोरडी, तसं व्हायचं. घरी आल्यावर नवरा काही विचारायचा आणि तिला उत्तर सापडायचं नाही. तीनही भाषा दाराआड निजलेल्या असायच्या. थंडी सुरू झाल्यापासून तिला एक दिवस सुट्टी मिळाली नव्हती. उद्या मिळणार होती. उद्याचा तो एक दिवस तिनं मनात असा जपून ठेवला होता, जसा पोरीबाळी खाऊतला शेवटचा तुकडा ठेवतात.

रशियन तिला वडिलांनी शिकायला लावलं. दादाराव वर्धा जिल्ह्यातून दिल्लीला आले, मंत्रालयात कारकून झाले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलं वाढवली. मुलीचं नाव क्रांती ठेवलं आणि क्रांती झालेल्या देशाची भाषा तिला शिकवली. पण तिच्या हातात पदवी पडेपर्यंत तो देशच नकाशावरून उठला. ती रडली तेव्हा दादाराव म्हणाले होते, देश गेला तरी माणसं कुठं जातात, बोलतीलच की. माणसं बोलत राहिली, पण नोकरी मिळाली ती पानिपतला, रशियाला ब्लँकेटं धाडणाऱ्या एका कारखान्यात. रोज पहाटेची बस. आईला, गंगुबाईला, याचं फार हसू यायचं. माझी लेक रोज पानिपतात जाते आणि रोज जिवंत परत येते, पेशव्यांना जमलं नाही ते, असं ती शेजारणींना सांगायची. मग लग्न झालं ते गुणवंतशी. तोही सरकारी खात्यातला, त्यालाही क्वार्टर आर. के. पुरममध्येच. दादाराव गेल्यावर गंगुबाई लेकीकडे राहायला आली. आणि मग हे हॉस्पिटल.

त्या दिवशी दुपारी डॉक्टर भसीन ज्या खाटेपाशी थांबले तिथं झिनाइदा पाव्लोव्ना होती. कारागांडाची, सत्तरी ओलांडलेली. खुबा इतका झिजलेला की उभी राहिली की तोंडावरचा रंग उतरायचा. सोबत मुलगी आली होती. पण झिनाइदाची साखर काही केल्या आटोक्यात येईना, ऑपरेशन पुढे पुढे गेलं, आणि मुलीची रजा संपली. तिला परतावं लागलं. म्हातारी एकटी राहिली. आता साखर खाली आली होती. उद्या सकाळी तिला आत न्यायचं ठरलं होतं. परवा डॉक्टर परदेशी परिषदेला जाणार होते, ते परतायच्या आत झिनाइदाचा व्हिसा संपत होता. उद्या झालं तर चालत घरी. नाही तर जशी आली तशीच, चाकांच्या खुर्चीत.

ती आयुष्यभर रेल्वे स्टेशनवर घोषणा करायची. कुठली गाडी येतेय, कुठली सुटतेय. आवाज अजून तसाच होता. खाटेवरून पाणी मागितलं तरी वाटायचं, फलाट क्रमांक सांगतेय. क्रांतीच्या नावाचा अर्थ कळला तेव्हा ती म्हणाली होती, आमच्याकडे एक झाली होती, बाई, तेवढी पुरे. पण दुसऱ्याच दिवसापासून ‘क्रांतोच्का’ म्हणायला लागली. लाडानं नावाला शेपूट लावायची त्यांची रीत. आपल्याकडे नावाचं शेपूट कापून लाड करतात.

डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचं काम पीस ऑफ केक आहे. क्रांतीनं सलगम पुढे केलं. मग ते म्हणाले की हार्ट जरा टच अँड गो आहे. हे सांगताना ते तिच्या कागदांकडे बघत होते. क्रांतीला क्षणभर थांबावं लागलं. होईलही, नाहीही, याला रशियनमध्ये म्हणतात, आजीनं दोन्हीकडून सांगितलंय. तिनं तेच म्हटलं.

झिनाइदानं डोळे बारीक केले. “इथं आजी मी आहे,” ती म्हणाली, “आणि मी अजून काहीच सांगितलेलं नाही.”

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात. क्रांतीनं सांगितलं. टफ कुकी, म्हणत ते हसले, आणि जाता जाता त्यांना मोठी गंमत सुचली. खुब्याच्या पेशंटला काय म्हणायचं माहीत आहे ना, म्हणाले. तिला सांग, ब्रेक अ लेग.

नाटकात शिरणाऱ्या नटाला इंग्रज म्हणतो, पाय मोड. म्हणजे यश मिळो. रशियात शिकारीला निघालेल्याला म्हणायचे, नी पूखा नी पेरा. ना लव मिळो, ना पीस. हात हलवत ये. म्हणजे झाडाआड बसलेल्या वाईटाच्या कानाला वाटावं, याचं आधीच वाकडं झालंय, आपण कशाला मागे लागा. मधल्या खोलीत क्रांतीची आई बसली होतीच. ती फुटलेल्या बांगडीला फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. डब्यातलं पीठ तिच्याकडे संपत नाही, वाढतं. सगळ्या जगातल्या बायामाणसांनी वाईटाला फसवायची एकच युक्ती काढलेली. फक्त कुणी पाय मोडतं, कुणी पिसं उडवतं, कुणी पीठ वाढवतं.

“नी पूखा नी पेरा,” क्रांती म्हणाली.

याला ठरलेलं उत्तर असतं. ऐकणाऱ्यानं फटकन म्हणायचं, क चोर्तू, जा सैतानाकडे. तेवढं म्हटलं की शब्द फिरतो. आभार मानायचे नाहीत. आभार मानले की अभद्र घरातच राहतं. झिनाइदाला हे क्रांतीपेक्षा चांगलं ठाऊक. पण ती गप्प राहिली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले तरी गप्प.

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. दारात तिनं त्याला हेच म्हटलं होतं, आणि तो म्हणाला, स्पासिबा. धन्यवाद. फार सभ्य माणूस होता, झिनाइदा म्हणाली, सभ्यपणानंच गेला. हे शब्द आदल्या दिवशी खाटेवर म्हणायचे नसतात. दारात म्हणायचे असतात, आणि ते आपल्या माणसानं.

“उद्या दारात म्हण,” ती म्हणाली. “मी दारात उत्तर देईन.”

इथं क्रांतीनं सांगायला हवं होतं की उद्या माझी सुट्टी आहे. माझ्या जागी प्रसन्न येईल, चांगला मुलगा आहे, मॉस्कोत शिकलाय, त्याचं व्याकरण माझ्याहून सरस आहे. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात सिस्टर रक्तदाब बघायला आली, पट्टा फुगायला लागला, झिनाइदानं डोळे मिटले. क्रांतीचे पाय दुखत होते. तिनं पर्स खांद्याला लावली, दारापाशी गेली, वळली आणि काहीतरी बोलून निघाली. काय बोलली ते तिच्याही ध्यानात राहिलं नाही. निघताना माणूस जे बोलतं तेच.

मेट्रोत तिला हौज खासपर्यंत बसायला मिळालं नाही. तिथं गाडी बदलली, आर. के. पुरमला उतरली. क्वार्टरच्या जिन्यात फोडणीचा वास होता आणि घरात आळणी वरण. गुणवंत दौऱ्यावर होता. कृतिका, तिची लेक, नोएडातल्या ऑफिसातून आली होती आणि आजीपुढे आरोपी होऊन बसली होती. आजीनं दुपारी फोनवर सांगितलं होतं, मीठ वाढलंय. कृतिकाला वाटलं, बरंय. वाढलंय तर महिनाभर जाईल. आता ती म्हणत होती, आज्जी यार, संपलंय तर संपलंय म्हण ना, वाढलंय काय, उलटं का बोलता तुम्ही लोक?

“घरात मीठ संपलं म्हणू नये,” गंगुबाई म्हणाली.

“क्यूं पण?”

“आजोबाबी असंच विचारायचे तुह्ये.” दादाराव असल्या बोलण्याला अंधश्रद्धा म्हणायचे. गंगुबाईचं उत्तरही ठरलेलं असायचं. यात श्रद्धा नाही नि आंधळंबी काही नाही, जिभेचं वळण आहे. घरातनं निघताना कुणी ‘जाते’ म्हटलं की ती अजून स्वयंपाकघरातून ओवी सोडायची, आपलीच जुळवलेली:

जाते नको म्हणू बाई, म्हण येते गं येते,
उंबऱ्याला मेल्या सारं ऐकायला येते.

सरकारी क्वार्टरला उंबरा कुठला. दारातल्या पायपुसण्यालाच ती उंबरा म्हणायची. कृतिका लहान असताना त्या पायपुसण्याला कान शोधायची.

कृतिकानं फोनवरून मीठ मागवलं. ते येईपर्यंत क्रांती ताटावरच पेंगली.

सकाळी ती उन्हात बसली. आर. के. पुरमची हिवाळ्यातली सकाळ, धुरकट, पण बाल्कनीच्या कोपऱ्यात रुमालाएवढं ऊन येतं. हातात चहा. समोर आई मटार सोलत बसलेली. कुणाचं काही कुणाला सांगायचं नाही, असा दिवस. क्रांतीनं पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. प्रसन्नचा.

तो बिचारा माफी मागूनच सुरू झाला. मॅम, सॉरी, सुट्टीच्या दिवशी, पण झिनाइदा पाव्लोव्ना स्ट्रेचरवर चढायला तयार नाही. भसीन सर थांबलेत. तो तिला दहा तऱ्हांनी समजावून आला होता, क्रांती मॅमची आज सुट्टी आहे, मी आहे. ती त्याच्याशी गोड बोलते, त्याच्या रशियनचं कौतुक करते, आणि जागची हलत नाही. म्हणते, क्रांतोच्का येणार आहे. तिनं स्वतः सांगितलंय.

क्रांती म्हणाली, मी असलं काही सांगितलेलं नाही.

“मॅम, तेच मी म्हटलं. तर म्हणते, गाडी उशिरानं आहे, रद्द झालेली नाही.”

“अरे पण मी काय म्हटलं म्हणते ती?”

“‘या प्रिदू’. दारात उभी राहून म्हणाली, म्हणते.”

या प्रिदू. मी येईन.

चहावर साय धरत होती. क्रांतीला दार दिसलं, खांद्यावरची पर्स दिसली, वळलेली आपली मान दिसली. निघताना रशियन माणूस म्हणतं, या पश्ला, मी गेले. दारात उभं असतानाच ‘गेले’. इतक्या वर्षांत तिनं ते हजारदा म्हटलं असेल. पण काल मधल्या खोलीचं दार उघडं राहिलं, आणि आई म्हणते ते ‘येते’ तसंच्या तसं बाहेर पडलं, पायात चपलासुद्धा न घालता. मराठीत त्याचा अर्थ होतो, मी निघाले. रशियनमध्ये त्याचा अर्थ होतो, वाट बघ. आणि ऐकणारी बाई अशी, जिनं आयुष्यभर ‘येतेय’ म्हटलं आणि ती ती गाडी आली.

तिनं प्रसन्नला सांगितलं, तिला समजाव, चूक झाली, आमच्या भाषेत जाताना असंच म्हणतात. ‘येते’ म्हणजे जाते. प्रसन्न दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. त्याला हे ठाऊक होतं.

“मॅम,” तो मग म्हणाला, “हे रशियनमध्ये सांगू कसं?”

तिनं मनात करून पाहिलं. मी येईन म्हणाले म्हणजे मी येणार नव्हते. रशियनमध्ये ते खोटारडेपणासारखं वाजत होतं. इंग्रजीत मूर्खपणासारखं. तिला राग आला, म्हातारीचा, प्रसन्नचा, सगळ्यात जास्त त्या शब्दाचा. दोन मिनिटांनी फोन करते म्हणून तिनं ठेवला.

गंगुबाईनं सगळं ऐकलं होतं. तिला रशियन येत नव्हतं, लेकीचा आवाज येत होता. काय झालं म्हणून तिनं विचारलं आणि क्रांतीनं एका दमात सांगितलं, तक्रार सांगतात तसं. तुझ्यामुळं, असंही शेवटी जोडलं.

गंगुबाईनं एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले.

“म्हटलं ना येते? मंग यावं लागते.”

“आई, ते काय खरं यायला म्हणतात का? रोज म्हणतो आपण.”

“रोज येतेसबी ना तू.”

क्रांतीनं मनात मोजून पाहिलं. पानिपतहून रोज आली होती, गुडगावहून रोज येत होती. उन्हाचा रुमाल तिच्या पायावरून सरकून भिंतीला लागला होता. ती उठली, चहा तसाच ठेवला, कालचीच पर्स उचलली. तिला जायचं नव्हतं. हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि पाय चपला शोधत होते. दारात गंगुबाई म्हणाली, “ये जाऊन.”

भसीन सरांनी दुसऱ्या एका पेशंटचा गुडघा आधी घेतला होता, एवढंच त्यांच्याच्यानं होण्यासारखं होतं. दुपारनंतर त्यांना जमणार नव्हतं. क्रांती लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा प्रसन्न कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता. क्रांती आलीय असं त्यानं सांगितल्यावरच झिनाइदा स्ट्रेचरवर चढली होती, पण ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी पुन्हा अडली होती. हिरवा गाऊन, डोक्याला कागदी टोपी, हातात सुई. इतकी लहान दिसत होती. क्रांतीला पाहून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

“उशिरा,” ती म्हणाली.

मग तिनं क्रांतीला बसायला सांगितलं. लांबच्या वाटेला लागण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर खाली बसायचं, गप्प, अशी त्यांच्याकडे रीत. थिएटरच्या दारात बसायला काही नव्हतं. केरळची सिस्टर होती, तिनं कुठूनसं एक स्टूल आणलं, काही न विचारता. क्रांती बसली. बसल्यावर तिला कळलं की कित्येक दिवसांत आपण खऱ्या अर्थानं बसलोच नव्हतो. ओढणी मांडीवर गोळा झाली. कुणी बोलेना. आत कुठेतरी यंत्र टुकटुक करत होतं.

त्या शांततेत तिनं सांगून टाकलं. की काल ती येणार नव्हती. की तिच्या भाषेत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, आणि थकलेल्या तोंडातून ते तसंच पडलं. सांगताना तिची नजर सिस्टरच्या चपलांवर होती.

झिनाइदानं छतावरची नजर तिच्याकडे वळवली.

“म्हणजे तू जात होतीस.”

“हो.”

“मग आलीस कशाला?”

क्रांतीला तीनही भाषांत शोधावं लागलं. “म्हटलं होतं ना,” ती म्हणाली.

म्हातारीनं मान डोलावली. हे तिच्या ओळखीचं होतं. तिनं स्ट्रेचरच्या कडेवरून हात पुढे केला, सुई नसलेला. क्रांतीनं तो धरला. थंड होता, गाडी यायच्या आधीच्या रुळांसारखा.

“नी पूखा नी पेरा,” क्रांती म्हणाली.

“क चोर्तू!”

फलाटभर ऐकू जावं असा आवाज. सिस्टर दचकली. आतून भसीन सरांचं डोकं बाहेर आलं, मास्क हनुवटीखाली. काय म्हणाल्या, म्हणून विचारलं. क्रांतीच्या जिभेला सवय होती, कडू ते बाहेरच ठेवायची. शी सेज थँक यू, ती म्हणाली.

झिनाइदाला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, त्यांतला हा एक. ती कोपरावर उठून बसायला गेली. “न्येत, न्येत! नो थँक यू!” तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या एका सभ्य शब्दानं तिचा नवरा गेला होता, आणि क्रांतीनं तोच उचलून दारात ठेवला होता.

क्रांतीनं घाईनं डॉक्टरांकडे वळून दुरुस्ती केली. सर, थँक यू नाही म्हणाल्या. सैतानाकडे जा म्हणाल्या. ते तसंच म्हणावं लागतं.

डॉक्टर भसीन मोठ्यानं हसले. दॅट्स द स्पिरिट, म्हणाले, आणि आत गेले. झिनाइदा उशीवर मागे टेकली. तिच्या गालात रंग परत आला होता.

स्ट्रेचर हललं. दाराची झापडं उघडली. अर्धी आत गेल्यावर म्हातारीनं मान वळवली आणि सावकाश, परकी वस्तू हातात धरून बघावी तसं, म्हणाली, “या प्रिदू.”

याचंही एक ठरलेलं उत्तर असतं. येते म्हणणाऱ्याला ये म्हणायचं. वडीलधारं असलं तर या. क्रांती इतक्या वर्षांत या इमारतीत मराठीत एक शब्द मोठ्यानं बोलली नव्हती.

“या,” ती म्हणाली.

रशियनमध्ये ‘या’ म्हणजे मी. झिनाइदाला तसंच वाटलं असणार, कारण तिनं मान हलवली, हो, तू. आणि झापडं मिटली.

प्रसन्न म्हणाला, मॅम, तुम्ही चला आता, मी आहे ना, चार तास लागतील. तिलाही तेच हवं होतं. घरी मटार सोलून झाले असतील, उन्हाचा तुकडा गेला असेल पण पलंग तर होता. ती उठली. ‘येते’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. निघताना म्हणायला दुसरा शब्दच तिच्याजवळ नव्हता, आणि तो म्हटला की परत यावं लागणार. ती पुन्हा स्टुलावर बसली, भिंतीला डोकं टेकलं. तू जेवून ये, एवढंच प्रसन्नला म्हणाली.

‘या’ म्हटलं की दारात कुणीतरी असावं लागतं. झोप येत होती, जात होती. मधल्या खोलीत आई जात्यावर बसल्यासारखी काहीतरी गुणगुणत होती. मधेच कृतिकाचा मेसेज आला, आज्जी विचारतेय, कब आओगी, आणि साखर वाढलीये, म्हणजे संपलीये ना? क्रांतीनं लिहिलं, हो.

भसीन सर बाहेर आले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. मधे हार्टनं जरा घाबरवलं, ते म्हणाले. त्या वेळी ते केक-बिस्किट काही बोलले नाहीत, साधं इंग्रजी बोलले. मग खांदे सैल सोडले. नाऊ शी इज राइट अॅज रेन. तिला जाग येतेय, काही विचारायचं तर तू हवीस.

राइट अॅज रेन. पावसासारखी नीट. ठणठणीत, आई म्हणाली असती. रशियनमध्ये तेच काकडी होऊन येतं, काक अगुर्चिक, ताज्या कोवळ्या काकडीसारखी. क्रांती हात धुऊन, पायांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवून रिकव्हरी रूममध्ये गेली. झिनाइदा डोळे मिटून पडली होती, तोंड अर्धं उघडं, कागदी टोपी एका कानावर सरकलेली. क्रांतीनं वाकून हळूच सांगितलं, झिनाइदा पाव्लोव्ना, डॉक्टर म्हणतात, तुम्ही अगदी काकडीसारख्या आहात.

पापण्या हलल्या. नजर कुठून कुठून फिरून एकदाची तिच्या चेहऱ्यावर आली.

“प्रिश्ला,” म्हातारी म्हणाली.

तो त्याच ‘प्रिदू’चा भूतकाळ. बाईच्या तोंडचा, बाईविषयीचा. रशियन त्यात सांगत नाही की कोण. आले, असंही होतं. आलीस, असंही. मराठीला असं मोकळं सोडता येत नाही, तिथं एक काहीतरी धरावं लागतं.

शेजारी सिस्टर कागद घेऊन उभी होती. पेशंट काय म्हणाल्या, तिनं हिंदीत विचारलं.

“कुछ नहीं,” क्रांती म्हणाली. “होश में हैं.”

आणि टोपी सरळ केली.